लोंबते कान, फाटके कान, सुपासारखे कान

छत्रपती संभाजीनगरात बीबी-का-मकबऱ्याच्या मागे, डोंगराच्या कुशीत औरंगाबाद लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या नावलौकिकापुढे ती कायम मागेच राहिली. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर दगडातले भक्त गुडघे टेकून बसले आहेत, जवळजवळ माणसाएवढे. पाहणारा त्यांचे जोडलेले हात पाहतो, केशरचना पाहतो, दागिने पाहतो. कानांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बुद्धाच्या कानाची पाळी खांद्याच्या दिशेने उतरलेली आहे, आणि तिच्यात काहीच नाही.

ती अशी का, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर साधे आहे. सिद्धार्थ राजपुत्र होता. त्या काळच्या राजपुत्रांप्रमाणे त्याच्या कानांत जड कुंडले असत. अजिंठ्याच्या चित्रांत राजे, राण्या आणि दरबारी अशीच कुंडले घालून वावरताना दिसतात. राजवाडा सोडताना त्याने दागिने उतरवले, पण वर्षानुवर्षे ओढली गेलेली पाळी तशीच राहिली. वेरूळच्या जैन लेण्यांतल्या तीर्थंकरांचे कानही असेच लांब आहेत. लांब पाळी हे त्या समाजात आधी कुलीनतेचे आणि मग थोरपणाचे चिन्ह झाले.

आज याच शहरात एखादी बाई तसाच लोंबता कान घेऊन प्लास्टिक सर्जनकडे गेली, तर तिच्या केसपेपरवर दोष म्हणून त्याची नोंद होते आणि दुरुस्तीची तारीख मिळते. कोणता कान चांगला आणि कोणता बिघडलेला, हे दर युगाने आपापल्या परीने ठरवले. त्यामुळे कानाला आकार देण्याच्या शस्त्रक्रियेत सजावट कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो, हे सांगणे भल्याभल्यांना जड जाते. या शस्त्रक्रियेचा जुन्यातला जुना तपशीलवार ग्रंथही या प्रश्नाचे उत्तर एका बाजूने देत नाही.

तो ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याबद्दल आणि फाटलेले कान जोडण्याबद्दल आहे. बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, असे सुश्रुत सांगतो, आणि त्याची दोन कारणे एकाच दमात देतो: रक्षण आणि भूषण. पाळी उन्हासमोर धरली की एक पातळ जागा उजळ दिसते, तिथेच टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात घालायची, तिच्यावर तेल सोडायचे आणि दर तिसऱ्या दिवशी थोडी जाड वात घालत भोक रुंद करत न्यायचे.

ओढत नेलेली पाळी कधी ना कधी फाटणारच. म्हणून अध्यायाचा उरलेला भाग फाटलेल्या कानांचा आहे. सुश्रुताने कान जोडण्याचे पंधरा प्रकार नावानिशी सांगितले आहेत. नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक अशी ती यादी चालते. शेवटच्या पाच प्रकारांचे कान जोडून उपयोग होत नाही, असेही तो स्पष्ट बजावतो. यादीतला गंडकर्ण आजचा सर्जन थांबून वाचतो. पाळीच उरली नसेल तर गालाचे मांस सोलून घ्यावे, पण ते गालापासून पूर्ण तोडू नये. एका बाजूने जोडलेले, जिवंत ठेवून त्याची पाळी घडवावी. रक्तपुरवठा न तोडता कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे हे तत्त्व प्लास्टिक सर्जरीचा पाया आहे. आज त्याला फ्लॅप म्हणतात.

नंतरची काळजीही तितक्याच बारकाईने सांगितली आहे. मध आणि तूप लावून कान कापूस व कापडाने गुंडाळावा. दोरा फार घट्ट नको आणि फार सैलही नको. रोग्याने कान हाताळू नये, दिवसा झोपू नये, व्यायाम करू नये, पोट फुटेस्तोवर जेवू नये, फार बोलू नये. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या सूचना शहरातल्या कोणत्याही प्लास्टिक सर्जनच्या डिस्चार्ज कार्डावर आजही सापडतील.

सुश्रुताचे पेशंट अजून संपलेले नाहीत. बुगड्या, कुड्या, कर्णफुले-झुबे, वेल, डूल, बाळ्या ही मराठी कानाची संपत्ती लग्नसराईत एकदम बाहेर येते. जुन्या बायकांना सोन्याचे वजन ठाऊक होते. म्हणून झुब्याचा भार वेलाने केसांत अडकवून वाटून घ्यायची रीत पडली. बंजारा स्त्रियांनी घुगरी-टोपलीसारखे जड दागिने कानाला न लावता सरळ केसांतच गुंफले. जिथे ही युक्ती सुटली तिथे भोकाची आधी फट होते आणि मग एक दिवस पाळी दोन भागांत मोकळी होते. कधी कडेवरचे बाळ डूल ओढते, कधी स्कार्फ किंवा हेल्मेट काढताना बाळी अडकते, तर कधी सोनसाखळी चोराचा हात कानापर्यंत पोहोचतो.

फाटलेल्या पाळीचे दोन काठ आपोआप का जुळत नाहीत, असा प्रश्न पडतो. दोन्ही काठांवर नवी कातडी येऊन ते बंद झालेले असतात, हे त्याचे कारण. कातडी कातडीला चिकटत नाही, जखम जखमेला चिकटते. त्यामुळे सर्जन भूल देणारे इंजेक्शन पाळीतच देतो, दोन्ही काठांची बारीक पट्टी कापून ते ताजे करतो आणि मग टाके घालतो. सरळ रेषेत शिवले तर व्रण आकसून पाळीच्या खालच्या कडेला खाच पडण्याची भीती असते. ती टाळण्यासाठी अनेक सर्जन नागमोडी छेद घेतात. काम साधारण अर्ध्या तासाचे, पेशंट त्याच दिवशी घरी. नवे भोक दोन-तीन महिन्यांनी आणि शक्यतो व्रणाच्या शेजारी पाडायचे, व्रणावर नाही, कारण व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी बळकट नसते. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण खरी, पण शिवलेला कान टोचताना त्याला आधी व्रण दाखवलेला बरा.

एक त्रास मात्र आपल्याकडे जरा जास्त दिसतो, तो म्हणजे केलॉइड. टोचलेल्या किंवा शिवलेल्या जागी व्रण वाढत वाढत त्याची टणक गाठ होते. सावळ्या कातडीत ही प्रवृत्ती गोऱ्या कातडीपेक्षा अधिक, आणि पाळी ही तिची आवडती जागा. नुसती गाठ कापली तर ती पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठी होऊन येते. म्हणून कापण्याच्या जोडीला स्टेरॉइडची इंजेक्शने, दाब देणारी क्लिप, काही वेळा किरणोपचार असा बंदोबस्त करावा लागतो. घरात कुणाला केलॉइड झालेला असेल, तर ते सर्जनला सांगण्याची वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची असते.

हे सगळे झाले पाळीचे. पाळी म्हणजे कातडी, चरबी आणि थोडा तंतुमय भाग, म्हणून ती ताणते. तिच्या वरचा सगळा कान कूर्चेचा. ही कूर्चा लवचीक असते, दुमडली तरी सोडताच पूर्ववत होते. पण तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट बसलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. आवरण आणि कूर्चा यांची फारकत झाली की कूर्चा मरते, आणि कानाच्या वरच्या भागाच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

याचा पुरावा पाहायला दवाखान्यात जायची गरज नाही, तालमीत गेले तरी चालते. कुस्तीत कानावर सतत घर्षण आणि मार बसतो, आवरणाखाली रक्त साचते, कूर्चा उपाशी पडते आणि रिकाम्या जागेत वेडीवाकडी टणक ऊती भरते. कान जाड, गाठाळ आणि बंद मुठीगत होतो. साचलेले रक्त पहिल्या काही दिवसांत काढून, वरून दाब देऊन आवरण पुन्हा कूर्चेला चिकटवले तर कान वाचतो. पण आपल्याकडचा मल्ल हे करायला जातोच असे नाही. मोडलेला कान ही मातीत घालवलेल्या वर्षांची पावती. कोल्हापूर असो की मराठवाडा, कान पाहून पैलवान ओळखणारे शौकीन जत्रेच्या फडात आजही भेटतात.

नाथपंथी दर्शनी साधूंनी तर कूर्चा मुद्दाम फाडली. दीक्षेच्या वेळी कानाच्या मधल्या खोलगट भागात दुधारी सुरीने चीर देऊन तिच्यात मोठी मुद्रा घालतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी इथल्या कानिफनाथांच्या यात्रेला मराठवाड्यातून हजारो लोक जातात, त्यांना हे कान अनोळखी नाहीत. याउलट पेशवाई थाटाची भिकबाळी हौसेने घालणाऱ्या तरुणाला ठाऊक नसते की ती पाळीत नाही, कूर्चेत जाते. तिथे जंतुसंसर्ग झाला, कान लाल होऊन ठणकू लागला आणि घरगुती लेप लावण्यात आठवडा गेला, तर पैलवानाचा कान कुस्ती न खेळता मिळतो.

कूर्चेचा आकार मुळात ठरतो आईच्या पोटात, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. दिवस गेल्याची खात्रीही तोवर अनेकींना झालेली नसते. गर्भाच्या मानेच्या बाजूला सहा बारीक उंचवटे तयार होतात. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले. हे सहा उंचवटे एकमेकांत मिसळून कानाचा सगळा चढउतार तयार होतो. बाहेरची गोल कड, तिच्या आत तिला समांतर जाणारी दुसरी वळी, मधली वाटी, भोकासमोरचा छोटा पडदा, हे सगळे त्यातूनच. त्यापैकी दुसरी वळी नीट पडली नाही, किंवा वाटी फार खोल झाली, किंवा दोन्ही घडले, तर कान डोक्यापासून दूर उभा राहतो. सामान्य कानाची कड डोक्यापासून साधारण दीड ते दोन सेंटीमीटरवर असते. त्याहून जास्त अंतर झाले की पुढून पाहणाऱ्याला आधी कान दिसतात.

गणपतीला शूर्पकर्ण म्हणून हात जोडणारी मुले वर्गात मात्र सुपासारख्या कानांच्या मित्राला सोडत नाहीत. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले, तशातलाच हा प्रकार. ही तक्रार सर्जनच्या टेबलावर पोहोचून फार काळ झालेला नाही. जर्मनीतल्या योहान डिफेनबाख यांनी १८४५ मध्ये दुखापतीने पुढे आलेल्या कानाची दुरुस्ती वर्णन केली होती. पण केवळ दिसण्यासाठी उभे कान मागे घेण्याची पहिली नोंद १८८१ ची, न्यूयॉर्कची. एडवर्ड टॅलबॉट ईली यांचा पेशंट १२ वर्षांचा मुलगा होता आणि सोबती चिडवतात हेच त्याचे दुखणे होते. ईलींनी कानामागची कातडी आणि कूर्चेचा तुकडा काढून कान मागे बसवला.

यात एक चूक होती, ती कळायला जवळजवळ ३० वर्षे गेली. १९१० मध्ये न्यूयॉर्कमधल्याच विल्यम लकेट यांनी दाखवले की कान जादा कातडीमुळे उभा राहत नाही, आतली वळी नसल्यामुळे राहतो. कातडी कितीही कापून ओढली तरी कूर्चा आपला मूळ आकार सोडत नाही. वळी पाडायला हवी. लकेट यांनी कूर्चा कापून ती पाडली. पण कापलेल्या रेषेची धार कातडीखालून दिसे आणि कान दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखा वाटे.

पुढचा टप्पा स्कॉटलंडचा. १९५८ मध्ये ग्लासगोचे थॉमस गिब्सन आणि डेव्हिस यांनी कूर्चेचा एक गुणधर्म मांडला. तिच्या एका बाजूवर बारीक चरे पाडले की ती चऱ्यांच्या विरुद्ध बाजूला आपणहून वाकते. कानाच्या पुढच्या बाजूने चरे पाडले तर कान मागे वळणार. स्वीडनच्या स्टेनस्ट्रॉम यांनी १९६३ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया बेतली. त्याच वर्षी जॅक मुस्तार्दे यांनी वेगळी वाट काढली. कूर्चा न कापता, न चरता, कानामागून न विरघळणारे टाके असे घालायचे की ते आवळताच वळी उभी राहावी. १९६८ मध्ये डेव्हिड फर्नास यांनी खोल वाटी थेट कानामागच्या हाडाच्या आवरणाला टाक्यांनी बांधली. आज जगभर, आणि संभाजीनगरातही, या तिन्ही युक्त्या कानाच्या गरजेप्रमाणे एकत्र वापरतात.

कान पाच-सहा वर्षांच्या वयात बहुतांश पूर्ण आकाराचा होतो. म्हणून शाळेचे चिडवणे सुरू होण्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करता येते. लहान मुलाला पूर्ण भूल लागते, मोठ्यांना बहुधा जागेवरचे इंजेक्शन पुरते. छेद कानामागे असतो, तो दिसत नाही. काही दिवस डोक्याला पट्टी, मग महिनाभर किंवा थोडे जास्त रात्री झोपताना कपाळपट्टा, म्हणजे कुशीवर वळताना कान पुढे दुमडत नाही. ऐकण्यावर कसलाही परिणाम होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात अचानक जोरात ठणका सुरू झाला, तर मात्र वेदनाशामक घेऊन वाट पाहायची नसते. आत रक्त साचलेले असू शकते, आणि रक्त साचले की कूर्चेचे काय होते हे पैलवानांनी दाखवलेच आहे. पुढे काही महिन्यांनी एखादा टाका सैल होऊन कान थोडा परत येतो, कधी टाक्याचा धागा कातडीखाली टोचतो. आणि कान गरजेपेक्षा जास्त मागे बसवला, तर तो डोक्याला चिकटवल्यासारखा दिसतो. ते वाईट काम समजले जाते. समोरून पाहताना बाहेरची कड थोडी दिसायलाच हवी.

या जागतिक नामावळीत महाराष्ट्राची भर मोठी आहे आणि तिची सुरुवात नाकापासून होते. टिपूविरुद्ध १७९०-९२ मध्ये झालेल्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा कैद झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे येते. टिपूच्या माणसांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. इंग्रज डॉक्टरांनी हा प्रकार स्वतः पाहिला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने तो छापला. कावसजीचे चित्र काढले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने, जो पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढत होता. या वेल्सनेच वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने ती लंडनला प्रसिद्ध केली. युरोपला वेरूळ आणि जिवंत कातडीचे नाक या दोन्ही गोष्टी दाखवण्यात एकाच माणसाचा हात होता. लंडनच्या जोसेफ कार्पू यांनी तो मजकूर वाचून १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक युरोपात या विद्येला नवी सुरुवात मिळाली.

दीडशे वर्षांनी ही विद्या मुंबईला परतली, ती डॉ. नोशिर अंतिया (१९२२-२००७) यांच्या हातून. त्यांनी इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. परत आल्यावर त्यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर काम केले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात कानाच्या पाळ्या सुजून जाड होतात. औषधांनी रोग गेला तरी ताणलेली कातडी लोंबत राहते आणि गावातले लोक ती पाहून रोगी ओळखतात. बुद्धमूर्तीच्या पाळीसमोर हात जोडणारा समाज या पाळीला दारात उभे करत नाही. इथे पाळीचा जादा भाग कापून ती लहान करणे ही वरकरणी निव्वळ दिसण्याची शस्त्रक्रिया. पण तिच्यावर माणसाचे काम, लग्न आणि घर अवलंबून असते.

१९६७ मध्ये अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी कानाच्या कडेसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत ती आज ‘अंतिया-बुच फ्लॅप’ नावानेच शिकवली जाते. अपघात, माणसाचा चावा, कर्करोगाची गाठ काढणे, यांत कानाच्या कडेचा दोन सेंटीमीटरपर्यंतचा तुकडा जातो. अंतियांनी बाकीची कडच सोडवून घेतली. पुढच्या बाजूने कातडी आणि कूर्चा कापायची, मागची कातडी मात्र अखंड ठेवायची. त्या मागच्या कातडीतून रक्त येत राहते, म्हणून सुटलेली कड जिवंत राहते आणि दोन्हीकडून सरकवून खाचेवर जोडता येते. कान किंचित लहान होतो, पण कानासारखाच राहतो. एका बाजूने जोडलेले, जिवंत ठेवलेले मांस, हे सुश्रुताने गंडकर्णात लिहिलेले तत्त्व मुंबईत कूर्चेवर उतरले.

कान जुळवणे, मागे घेणे, कमी करणे ही कामे एका बाजूला, आणि कान नसताना तो नव्याने घडवणे दुसऱ्या बाजूला. मायक्रोशिया म्हणजे जन्मतः कानाच्या जागी छोटीशी घडी किंवा गाठ असणे. हजारो जन्मांत एखाद्या बाळाला तो होतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त. घरात अशा बाळाचा जन्म झाला की पहिला संशय ग्रहणावर जातो: बाईने ग्रहणात काही चिरले असेल. ते सहा उंचवटे ग्रहण पाहून थांबत नाहीत. पण आईला हा आरोप वर्षानुवर्षे ऐकावा लागतो.

इथे दिसण्याआधी ऐकणे येते. अशा कानाला बहुधा भोक नसते. पण ऐकण्याचा आतला अवयव गर्भात स्वतंत्रपणे तयार झालेला असल्याने तो बहुतेकदा शाबूत असतो. हाडातून आवाज पोहोचवणारे यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर बसवले की बाळ ऐकू शकते, आणि दोन्ही कान नसतील तर बोलणे येण्यासाठी ते पहिल्या महिन्यांतच लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याच्या तपासणी यादीतल्या जन्मजात दोषांत बहिरेपण आहे, कानाचा आकार वेगळा नोंदलेला नाही. अंगणवाडीत आलेल्या पथकाला केवळ आकार न दाखवता ‘बाळ ऐकते का’ हे विचारले, तर हे बाळ यादीत बसते.

कान घडवायला मुलाच्याच बरगड्यांची कूर्चा घेतात. गिलीज यांनी १९३० च्या दशकात आईच्या कानाची कूर्चा मुलाला बसवून पाहिली होती, पण ती शरीराने हळूहळू जिरवून टाकली. १९५९ मध्ये अमेरिकेचे रॅडफर्ड टँझर यांनी मुलाच्या स्वतःच्या बरगडीतून कान कोरण्याची पद्धत रुजवली. बर्ट ब्रेंट यांनी ती टप्प्याटप्प्याने सुधारली, आणि जपानचे सातोरू नागाता यांनी १९९० च्या दशकात ती दोन टप्प्यांवर आणली. चांगल्या कानाचा आकार पारदर्शक फिल्मवर उतरवून ती उलटी केली की नव्या कानाचा साचा मिळतो. त्यावरून सहाव्या ते नवव्या बरगडीची कूर्चा कोरून, बारीक तारेने बांधून कातडीखाली सरकवतात. काही महिन्यांनी तो कान उचलून मागे आधार देतात. एवढी कूर्चा मिळायला पुरेशी मोठी छाती लागते. ब्रेंट पद्धतीत साधारण सहाव्या वर्षापासून, नागाता पद्धतीत दहाव्या वर्षाच्या सुमारास काम सुरू होते. २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून त्रिमितीय छपाईने बनवलेला कान बसवल्याची बातमी जगभर गाजली. रोजच्या कामात मात्र अजून बरगडीच चालते.

संभाजीनगरात ‘प्लास्टिक सर्जरी’ हे शब्द सर्वसामान्य घरांपर्यंत नेण्यात मोफत शिबिरांचा वाटा मोठा आहे. पंढरपुरात १९३० मध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत. १९७८ च्या मोटार अपघाताने त्यांचे अर्धे अंग लुळे पडले, पुढे कर्करोगाने आवाज गेला, तरी ते येत राहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये ते गेले. लायन्स क्लबच्या पुढाकाराने शहरात भरणाऱ्या त्यांच्या शिबिरांत दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या आणि चेहऱ्यावरचे व्रण यांवर काम होई आणि त्यांच्यामागे ही शिबिरे त्यांच्या नावाने चालू राहिली. फाटलेली पाळी किंवा किरकोळ विकृती शिबिरात बसते. मायक्रोशियाला मात्र वर्षानुवर्षे एकच सर्जन आणि एकच रुग्णालय लागते. अशा मुलाला शिबिराच्या रांगेत उभे करण्यापेक्षा घाटीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नोंदवणे शहाणपणाचे.

पैशाच्या हिशेबात सजावट आणि उपचार यांची सरहद्द पुन्हा आडवी येते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तर मात्र पुनर्रचनेचा खर्च मिळू शकतो. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत बरगडीच्या कूर्चेतून कान उभारण्याची शस्त्रक्रिया आहे. म्हणजे मायक्रोशिया उपचारात मोडतो आणि सुपासारखे कान हौसेत. दुचाकीच्या अपघातात फाटलेली पाळी उपचारात येऊ शकते, झुब्याच्या वजनाने फाटलेली बहुधा हौसेत. डॉक्टरच्या चिठ्ठीत कारण कोणते आणि किती स्पष्ट लिहिले आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आकाराचे काही दोष मात्र सुरीशिवाय सुटतात, पण त्याला वेळ फार थोडा मिळतो. नवजात बाळाच्या रक्तात आईकडून आलेले इस्ट्रोजेन असते, त्यामुळे त्याची कूर्चा मऊ असते. काही आठवड्यांत ते उतरते आणि कूर्चा ताठ होते. जपानच्या मात्सुओ यांनी १९८४ मध्ये दाखवले की या काळात दुमडलेला किंवा पुढे आलेला कान साच्याने आणि चिकटपट्टीने योग्य आकारात धरून ठेवला तर तो तसाच राहतो. आजी मालिश करताना कान चोळून सरळ करते, त्याचा इथे उपयोग होत नाही, कारण कान दिवसरात्र, काही आठवडे धरून ठेवावा लागतो. उपचार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू झाला तर यश जास्त, तीन महिन्यांनंतर जवळजवळ नाही. मराठी घरात बाराव्या दिवशी बारसे होते, अनेक घरांत त्याच दिवशी सोनार कान टोचायला येतो आणि जमलेले सगळे बाळाचा चेहरा कुणावर गेला हे ठरवत असतात. कानाची कड दुमडलेली किंवा वळी नसलेली दिसली, तर ‘मोठेपणी बघू’ न म्हणता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे. तोवर बाळ बारा दिवसांचे झालेले असते आणि साच्यासाठी आठवडाभराहून थोडीच जास्त मुदत उरलेली असते.